मर्व्हची उडी

"मी तीन बदामांवर उडी मारली, की समजायचं, तुझ्या इस्पिकला माझा आधार आहे आणि वर माझे बदामही भक्कम आहेत. मग कच खायची नाही, चढायचं!" ब्रिजमधली ही खूण मर्व्ह बायकोकडून, लोर्नाकडून, वर्षभर घोकून घेत होता. आणि तरी ती चारच्या बोलीवरच थांबली, की सास्काटूनच्या क्लबातून घर येईपर्यंत गाडीत तिचं डोकं खात होता.

आज चषकाचा शेवटचा डाव. लोर्नाने इस्पिकची बोली लावली आणि मर्व्हने तीन बदामांवर उडी मारली. तिने मनाचा हिय्या करून थेट सहा इस्पिक लावले, म्हणजे तेरातले बारा हात करायचे. मर्व्हचा चेहरा उतरला, पण बोली चालू असताना तोंड उघडायची सोय नसते.

त्याने पानं उघडी मांडली. बदामच बदाम, इस्पिकचं एकही नाही. डाव बुडाला, चषकही गेला.

"आधार कुठाय, मर्व्ह?" लोर्ना कडाडली. "स्वतः शिकवलेली खूण स्वतःच विसरलास?"

"मी कशाला विसरेन? तू नेहमीसारखी विसरली असशील, असं धरूनच तर उडी मारली!"