अठरा नावं

मँचेस्टरमधल्या छोट्याशा स्वयंपाकघरात सोमाली आंबोळ्या घालता घालता शुकरीने लेकीकडून वाडवडिलांची अठरा नावं पाठ करून घेतली होती, एका आंबोळीला एक नाव. शाळेत सोळा वर्षांच्या इदिलला कुणी जवळ करत नव्हतं. फोनवरचा गोडबोल्या ‘भाऊ’ तेवढा सोबती झाला. आज तो तिला ‘धर्मयुद्धा’साठी परदेशात बोलावत होता. तिने फोन स्पीकरवर टाकून आईसमोर ओट्यावर ठेवला. तो म्हणत होता, “तुला तिथे कोण विचारतं? तू कुणाचीच नाहीस. आम्हीच तुझं घर!” शुकरीची पळी हवेतच थांबली. इदिल वडिलांपासून सुरुवात करून एकेक नाव ठणकावून सांगत गेली. “मी यांची. आता तुझ्या बापाचं नाव सांग!” खोट्या नावाने वावरणाऱ्या ‘भावा’ने फोन कट केला. शुकरीचा ऊर अभिमानाने भरून आला, तरी आवाज करडाच होता, “चौदावं नाव गाळलंस. बस, पहिल्यापासून म्हण.”