घाटातला ट्रक

दुपारची मालिका सुरू झाली, तशी आई आणि पाटणकर काकू वाल सोलायला टीव्हीसमोर बसल्या. मालिकेतल्या दोन मुलींचं एकमेकींवर प्रेम होतं. रेवतीने शेजारी बसलेल्या शलाकाकडे बघायचंच टाळलं. घरी तिने शलाकाची ओळख रूममेट म्हणूनच करून दिली होती.

"शी! चारचौघांच्या घरात काय हे दाखवतात! बंदच करायला हवी ही मालिका," काकू म्हणाल्या.

आई वाल सोलत राहिली. रेवतीच्या चिमटीतला वाल चिरडला गेला.

तेवढ्यात पडद्यावर घाटात ट्रक आला, त्या दोघींच्या गाडीवर आदळला आणि एक मुलगी जागीच गेली.

"बरं झालं बाई," काकूंनी सुस्कारा सोडला.

आईने हातातली वाटी आपटली. "काय बरं झालं? या पोरींना जगवायचं कसं ते सुचत नाही, मग आणतात ट्रक. डोकं म्हणून नाही लिहिणाऱ्याला!"

रेवतीला मान वर करायचा धीर झाला नाही.

संध्याकाळी रेवती आणि शलाका गाडीने पुण्याला निघाल्या. आईने सोललेल्या वालांचा डबा गाडी चालवायला बसलेल्या शलाकाच्या मांडीवर ठेवला आणि खिडकीतून तिचा हात धरून ठेवला.

"घाटात ट्रक दिसला की कडेला थांबायचं. मला दोघी हव्यात."