मुर्द्याची नाडी

रोप काही केल्या निघेना. नत्थुजीने कुदळीचा आणखी एक घाव घातला, दोन्ही हातांनी धरून हिसका दिला, तेव्हा कुठे ते आलं. वर वीतभर जळकी काडी, खाली मातीने माखलेलं मूळ. न बघताच त्याने ते मागे फेकलं आणि पुन्हा रस्त्याकडे नजर टाकली. रेंजरसाहेबांचा छकडा दुपारपर्यंत येणार होता, आणि अजून दोन ओळी बाकी होत्या.

नत्थुजी मूळचा भातकुलीचा माळी. विहीर आटली, मळा गेला, आणि परतवाड्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी त्याला सागाची रोपं राखायचं काम मिळालं. नागपूरच्या हुकमाने जंगलाच्या ह्या तुकड्याला कुंपण पडलं होतं. गुरांना बंदी, कुऱ्हाडीला बंदी. मागच्या पावसाळ्यात बी टाकलं. मोठ्या झाडांच्या सावलीत उगवलं ते पिवळं पडून गेलं, पण मोकळ्या उन्हातलं गुडघ्याला लागलं. नत्थुजीला सांभाळायचं होतं ते एकच. होळीच्या आत कुंपणाभोवतीचं गवत कापून जमीन खरवडून ठेवायची, म्हणजे वणवा आत शिरत नाही. तो साळ्याच्या लग्नाला दोन दिवस म्हणून गेला आणि आठ दिवस राहिला. परत आला तर सगळा तुकडा काळाठिक्कर.

महिनाभर त्याने वाट पाहिली. एक पान फुटलं नाही. रोप मेलं हे कळायला माळ्याला पंचांग लागत नाही; वांगं असो की मिरची, वाळलं ते गेलं. आता नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर राहती खोपडीही. शेवटी त्याला युक्ती सुचली. साहेब नवेच बदलून आलेले, रोपं त्यांनी पाहिलेली नव्हती. बी उगवलंच नाही म्हणून सांगायचं. आग लागली ती रिकाम्या जागेला. दोष काय तो बियाचा.

बायको माणिकबाई मागून टोपल्यात रोपं भरत होती. तिचं माहेर हळद पिकवणाऱ्यांचं. ह्या कोरड्या रानातही तिने येताना मूठभर हळदीचं बेणं, म्हणजे लावणीचे कंद, आणलं होतं, आणि पाऊस पडेपर्यंत सुकू नये म्हणून रांजणाजवळच्या ओल्या वाळूत ती ते पुरून ठेवी. इथे काय वाघाला हळद लावायची आहे का, म्हणून नत्थुजी तिची थट्टा करायचा. आज त्याला थट्टा सुचत नव्हती. ती एक मूळ हातात घेऊन नखाने टोचत बसली होती.

"मेलेलं इतकं घट्ट धरत नसते," ती म्हणाली.

"मुर्द्याची नाडी काय पाहून राहिली वं? खोपडीमागं ने अन् जाळून टाक. एक काडी राह्यली नाही पायजे."

ती टोपलीवर टोपली वाहत राहिली. घटकाभराने खोपडीवर धूर दिसला, तेव्हा नत्थुजीचा जीव भांड्यात पडला. दताळं फिरवून त्याने जमीन सारखी केली.

साहेब आले. नाव खुशालराव, अकोल्याकडचे, अंगाने धिप्पाड पण बोलायला मऊ. नत्थुजीने पाठ केलेलं सगळं घडाघडा म्हणून टाकलं. ते हूं हूं करत ऐकत होते. मग बुटातला काटा काढायला एका धोंड्यावर बसले, आणि तिथेच थबकले. धोंड्याच्या आडोशाला एक जळकी काडी राहून गेली होती.

नत्थुजीच्या तोंडचं पाणी पळालं. साहेबांनी चाकूने माती उकरली, मुळाची साल खरवडली. आतून मूळ पांढरंशुभ्र, ओलं होतं.

"बियाले कावून नावं ठेवतं? हे पाय," ते म्हणाले. "साग वरून जळते, खालून पोसते. दोन-चार उन्हाळे असाच जळन, अन् मंग एका पावसाळ्यात डोक्याच्या वर जाईन." त्यांनी सपाट जमिनीवरून नजर फिरवली. "बाकीचे कुठी हायेत?"

वणव्याने जे मारलं नव्हतं ते नत्थुजीने स्वतःच्या हाताने मारलं होतं, तेही माळी असून. नोकरीची भीती मागे पडली आणि नुसती लाज उरली. त्याने हात जोडले.

"मेले समजून उपटले, साहेब. बायकोच्या हातानं जाळून टाकले."

तेवढ्यात माणिकबाई पाहुण्यासाठी पाण्याचा गडवा घेऊन आली. तिचे हात कोपरापर्यंत ओल्या वाळूने भरलेले होते. गडवा खाली ठेवून तिने पदर सारखा केला, आणि साहेबांकडे न बघता नवऱ्याला म्हणाली,

"धूर तं भाकरीचा होता. बेणं कोनी जाळते काय?"