डब्यातला चमचा

औषधांच्या दुकानात औषधं मोजून देण्यात त्याची वीस वर्षं गेली होती, त्यामुळे बाळाचं पावडरचं दूध तो स्वतःच बनवायचा. बाटली उकळायची, पाणी उकळायचं, चमच्यावरची पावडर सुरीने सपाट करायची, उरलेलं दूध सरळ मोरीत. बायकोला तो बाटलीला हात लावू द्यायचा नाही.

नेहमीचा डबा मिळेना, म्हणून त्याने दुसऱ्या कंपनीचा आणला.

"अहो, यात चमचाच दिसत नाहीये," बायको म्हणाली.

"टाकायला विसरले असतील. आधीच्या डब्यातला आहे की."

एका चमच्याला पाणी किती, ते त्याने नव्या डब्यावर दोनदा वाचलं आणि अगदी तेवढंच ओतलं.

बाळ बाटली संपली तरी रडायचं. "खादाड आहे, बापावर गेलाय," आजी कौतुकाने म्हणायची. "आणि डबा बघ, आठवडा झाला तरी अर्धासुद्धा संपला नाही."

नवव्या दिवशी बाळाला झटके आले. डॉक्टरांनी दुधाचं माप विचारलं. त्याने ते तोंडपाठ सांगितलं, एका मिलीचीही चूक नव्हती. संध्याकाळी ते दोघं रिकाम्या दुपट्यासकट घरी आले.

महिनाभर त्या डब्याला कुणी हात लावला नाही. आज त्यानेच तो उचलला आणि कचऱ्याच्या बादलीत उपडा केला.



तळाची पावडर सुटली, तसा तिच्यात रुतलेला चमचा बाहेर पडला. आधीच्या डब्यातल्या चमच्याच्या बरोबर दुप्पट.