सोमवार

जिल्हा नवा झाला होता, दुष्काळ मात्र जुनाच. उन्हाळ्यात चाऱ्यावाचून नरसिंगनं बैलजोडी निलंग्याच्या बाजारात विकली. पुढं जेमतेम पावसावर मूग उगवला, तेव्हा तण काढायच्या कोळप्याचा दोर त्याच्या बायकोनं, सरजाबाईनं, खांद्यावर घेतला. ती ओढायची, तो मागून कोळपं धरायचा.

पाचव्या दिवशी ती दोर उचलायला वाकली, तर त्यानं हात धरला.

"ऱ्हाऊ दे. आज सोमवार हाय."

सोमवार महादेवाचा. त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचं नाही, ही घरातली वाडवडलांपासूनची रीत.

"आवो, बैल हायीत कुटं आता?"

"बैल गेले. वार गेला का?"

त्यानं तिला बांधावरच्या लिंबाखाली बसवलं, पाण्याची घागर आणून ठेवली, दोरानं सोलवटलेल्या खांद्याला हळद-तेल लावलं. बैलांना लावायचा तसंच, हलक्या हातानं.

"बस निवांत. आज चूल बी मीच पेटवतो."

सरजाबाई बसून राहिली. वर होला घुमत होता. रोज याच झाडाखालून येणं-जाणं, पण फांदीत त्याचं घरटं आहे हे तिला आज दिसलं. देवापुढं बसावं तशी ती बघत राहिली.

लग्नाला बावीस वर्षं झाली होती. दर सोमवारी ती बैलांपुढं वैरण टाकायची आणि खुरपं घेऊन रानात जायची.

हा तिचा पहिला सोमवार. आणि तोही बैलांचा.