रेड विलोमधला आकडा

रेड विलो गावात औषधी गांजाचे दुकान उघडल्यावर दोन वर्षांत, लेखी पाहणीत गांजा ओढतो असे सांगणाऱ्या शाळकरी मुलांचे प्रमाण चौपट झाले. त्याच दोन वर्षांत शाळेच्या खेळाडूंपैकी एकाच्याही लघवीत गांजाचा अंश सापडला नाही.

या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात हे पाहायला संशोधक ग्रेटा हॅल्वरसन विद्यापीठातून आली होती. वेळ थोडा होता. दुकान बंद करायचे की नाही, यावर त्याच संध्याकाळी नगरसभेत मतदान होते.

शाळेच्या समुपदेशक लोरेन सेजविक यांची खोली बॉयलरला लागून होती. खोलीत एक जुना सोफा आणि बिस्किटांचा डबा होता.

"माझ्या नाकाखाली झालं हे सगळं," लोरेन म्हणाल्या. "आणि गंमत बघा, त्याआधी माझी जागा रद्द होणार होती. मग हा आकडा वाढला आणि व्यसनमुक्तीसाठी राज्याचे पैसे आले. मुलं बिघडली म्हणून मी टिकले."

"मुलांच्या कपड्यांना वास येतो?"

"मला तर बॉयलरचाच येतो."

ग्रेटाने तो पुरावा मानला नाही.

जेवणाच्या सुट्टीत ती मुलांच्या टेबलाशी जाऊन बसली. समोर गोळाफेक खेळणारी मार्लिस होती आणि तिचा वर्गमित्र डेव्हिन.

"गांजा ओढता?"

"रोज," मार्लिस म्हणाली.

"आणि व्हेलोरिन?"

"शनिवार-रविवारीच," डेव्हिन म्हणाला. "एरवी घरी कळतं."

"चढतं कितपत?"

"पोट भरलेलं असेल तर नाही चढत."

"याचं पोट कायम भरलेलंच असतं," मार्लिस म्हणाली. मग ती गंभीर झाली. "यात सेजविक बाईंना दोष देऊ नका हं. माझी आई गेली त्या हिवाळ्यात मी वर्गात बसूच शकत नव्हते. त्यांच्या सोफ्यावर बसून वर्ष काढलं मी. इथल्या निम्म्या पोरांना त्या सोफ्याने तारलंय."

व्हेलोरिन नावाचा पदार्थ जगात नव्हता. खोटी उत्तरे ओळखता यावीत म्हणून ग्रेटाने ते नाव स्वतःच रचले होते. मुले खोटे बोलत होती, एवढे सिद्ध झाले. मात्र अशा पाहण्यांत मुले व्यसन लपवतात. नसलेले व्यसन कोणी मिरवत नाही. मग इथे उलटे का घडावे?

संध्याकाळी सभागृह भरले होते. मार्लिस आणि तिच्या वर्गातली मुले मागे भिंतीला टेकून उभी होती. सगळ्यांत शेवटी लोरेन बोलायला उठल्या.

"घरचं मी कधी बाहेर बोलत नाही," त्या म्हणाल्या. "पण आज सांगते. माझ्या नवऱ्याच्या, डेलच्या पायांत रात्रभर पेटके यायचे. त्याचं कण्हणं ऐकत मी किती वर्षं काढली. या दुकानातल्या औषधाने तो झोपायला लागला. रोज सकाळी त्याला शांत झोपलेला बघते आणि त्या दुकानाचे मनोमन आभार मानते." त्यांनी अध्यक्षांकडे पाहिले. "तरीही सांगते, दुकान बंद करा. माझ्या घरातल्या झोपेची किंमत मुलांनी मोजायची नाही."

अध्यक्षांनी मतदान पुकारण्यासाठी हातोडी उचलली.

"थांबा," मागून मार्लिस म्हणाली.

"पोरी, नाव दिलंयस का बोलायला?"

"नाही. थोडंच बोलायचंय." ती पुढे आली. डेव्हिनही आला, आणि त्याच्यामागून वर्गातली बाकीची मुले. मार्लिसने अध्यक्षांकडे पाहिलेच नाही. "बाई, डेलकाकांचं आम्हाला ठाऊक नव्हतं. जे आधी ओढायचे, तेवढेच आजही ओढतात. बाकीचे आम्ही कोणी गांजाला शिवलोसुद्धा नाही."

लोरेन मुलांकडे वळल्या. "मग पाहणीत तसं लिहिलंत कशाला?"

"आकडा खालीच राहिला असता तर पैसे आले नसते," मार्लिस म्हणाली. "तुमची जागा गेली असती. म्हणून आम्ही सगळ्यांनी ठरवून 'हो' लिहिलं."