मंगळावरचा माणूस

एकाहत्तर सालच्या श्रावणात रविकांत केडगावला बन्सीच्या गणपतीच्या कारखान्यात शिरला, तोच नाकाला रुमाल लावून. कॉलेजात साधा डेमॉन्स्ट्रेटर, पण चाल प्राचार्याची. अमेरिकेतल्या भावाने त्याला मंगळावरच्या माणसाची मूर्ती सुट्ट्या तुकड्यांत पाठवली होती. विज्ञान प्रदर्शनात ती मांडून त्याला सगळ्या नगरचे डोळे दिपवायचे होते.

"हे रेझिन आहे, तुझी शाडूची माती नव्हे," पिशवी न उघडताच तो म्हणाला. "जोडायचं आणि रंगवायचं. गणपतीचे उंदीर रंगवणाऱ्यांनी यात स्वतःचं डोकं चालवू नये."

"तुकडे येकदा मोजून बघावं का, सर?" बन्सीने विचारलं.

"अमेरिकावाले माल कमी भरत नाहीत!"

आठ दिवसांनी हिरव्या अंगाचा, तीन डोळ्यांचा माणूस तयार झाला. रविकांत हरखलाच. मूर्तीच्या डाव्या तळहातावर एक चंदेरी वस्तू होती. खाली गोल, वर निमुळती, अंगावर सारख्या चुण्या.

"ही यानाच्या इंधनाची कुपी! कल्पनाशक्ती म्हणतात ती ही. तुमच्या सात पिढ्यांना असला हात सुचायचा नाही."

"व्हय, सर," म्हणत बन्सीने मूर्ती कागदात गुंडाळून दिली.



तो गेल्यावर बन्सीने शाडूचा गोळा मळला आणि फळीवरच्या एका गणपतीला, मोदकासकट, नवा डावा हात करायला घेतला.